झोप उडवणारी गोळी

आखाडा बाळापुरात किसनरावांना कुणी विचारलं, "डोळे काहून एवढे लाल?" तर त्यांचं उत्तर तयार असायचं. "कळमनुरीची गोळी चालू हाय. कंबर सुटते, पर झोप उडते." एवढं बोलून ते चालू लागत. तसे ते बोलके कधीच नव्हते.

हळदीची पोती उचलून उचलून त्यांची कंबर धरली होती. कळमनुरीच्या एका दवाखान्यात, आखडलेले स्नायू सैल करणाऱ्या गोळीवर संशोधन चाललं होतं. ती घेतल्यानं झोप उडते का, हे बघायचं होतं. डॉक्टर केतकीनं पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं, की निम्म्या लोकांना खरी गोळी मिळेल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली. कुणाला कोणती, ते शेवटी कळेल. किसनरावांनी मान डोलावली आणि सही केली. आपल्याच वाट्याला खोटी येईल, असं कुणाला वाटतं?

"सध्या झोप कशी लागते, काका?"

"बराबर लागते," किसनराव म्हणाले.

साफ खोटं. त्यांची बायको जनकाबाई भादव्यात गेली, तेव्हापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. पण परक्या पोरीपुढं पुरुषमाणूस हे थोडंच सांगणार! आमच्याकडची रीतच तशी. दुखवट्याला आलेल्या बायका गळ्यात पडून मोकळ्या होतात. पुरुष बाहेर बसतात, चहा घेतात, हळदीचा भाव काढतात आणि उठतात. जनकाबाईच्या दुखवट्यालाही तसंच झालं. बाहेर बसलेल्यांपैकी एकानंही तिचं नाव घेतलं नाही, किसनरावांनीही नाही. त्यांना रडू आलं नाही, रागही आला नाही. आत काही हलतच नव्हतं. पाहुणे गेल्यावर ते उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

गोळी सुरू झाली आणि जागरणाला एकदाचं चारचौघांत सांगण्याजोगं कारण मिळालं. पुढच्या खेपेला त्यांनी बिनदिक्कत सांगून टाकलं, "झोप पार उडाली." केतकीनं काळजीनं लिहून घेतलं. शेजारचा सोनाजी तर येता-जाता गोळीला शिव्या घालायचा. त्या शिव्या ऐकून किसनरावांना बरं वाटायचं. सहा महिन्यांत बरं वाटलेली तेवढी एकच गोष्ट.

संशोधन संपलं तेव्हा केतकीनं त्यांना बोलावून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"काका, तुमची गोळी साधी होती. तिच्यात औषध नव्हतं."

"पर कंबर तर सुटली."

"कधीकधी होतं तसं. पण झोप काही गोळीनं गेलेली नाही. आधीपासूनच लागत नव्हती का?"

किसनराव खिडकीबाहेर बघत बसले. रस्त्यावर नांदेडची एसटी थांबली, माणसं चढली, गाडी निघाली. केतकी वाट बघत होती. घरी कोण असतं, असंही तिनं हळूच विचारून बघितलं.

"मंग आता खरी द्या," ते म्हणाले.

"अहो काका, तिनं खरंच झोप उडू शकते."

"उडू द्या. गावात लोक विचारतेत. त्याह्यला सांगायला कायतरी पाह्यजे."