ओरबाडलेलं तमालपत्र

ती कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकीण होती. तोंड चालायचं, त्याहून हात जास्त. मुकादमानं एकदा भाजी चिरणाऱ्या पोरीचा हात धरला, तर हिनं उकळत्या रश्शाचा डाव त्याच्या मनगटावर ओतला. "धर आता!" तरी नोकरी टिकली, कारण तिच्या हातची चव दुसऱ्या कुणाला नव्हती.

जीव होता तो फक्त गॅलरीतल्या तमालपत्राच्या बोन्सायवर. कँटीनमागच्या झाडाच्या बुडाशी फुटलेला धुमारा तिनं मुळासकट आणून उथळ कुंडीत वाढवला होता. मोठी पानं खुडून ती स्वयंपाकात टाकी, म्हणजे मागून बारीक पानं येत. फांदी कोवळी असतानाच तिला तार गुंडाळी. जून फांदी वाकत नाही, कडकन मोडते.

घरात म्हातारी आई आणि ट्रक चालवणारा धाकटा भाऊ. बहीणभाऊ लहानपणापासून एकमेकांच्या जिवावर उठलेले. तिच्या कपाळावरची खोक त्यानं घातलेली. त्याचा पुढचा दात तिनं पाडलेला.

एकदा आई तापानं फणफणली. बहीण कामावर होती, म्हणून भावानं आयुष्यात पहिल्यांदा सूप केलं आणि वासासाठी बोन्सायचं पान न् पान ओरबाडून त्यात टाकलं.

ती घरी आली. झाडाचा नुसता सांगाडा उरला होता.

"कुणी केलं हे?"

"मी. आईसाठी. पानंच आहेत, येतील परत."

"परवाच मुळं छाटलीत त्याची, मेल्या! आता जगेल कशावर?"

तिनं गरम पातेलं उचलून त्याच्यावर भिरकावलं. खांदा भाजला तसा तो गुरासारखा ओरडला आणि कुंडी उचलून तिच्या पायावर आदळली. नडगीचं हाड मोडलं. पडता पडता तिनं त्याला खाली ओढलं आणि त्याच्या कानाचा लचका तोडला. भिंत धरत आई मध्ये आली. त्यानं बहिणीवर उगारलेली मूठ आईच्या तोंडावर बसली.

आईनं रक्त थुंकलं. "झालं? की अजून कुणी राहिलंय?"

दवाखान्यात तिघांनीही "जिन्यावरून पडलो" असंच सांगितलं. डॉक्टरांनी टाके घातले.

आईनं भावाला घराबाहेर काढलं. तो ट्रकमध्येच झोपू लागला. बहिणीचा पाय वाकडा जुळला. झाड तिनं पुन्हा मातीत लावलं, सावलीत ठेवलं. पण नखानं साल खरवडली तर आत सगळं तपकिरी. तिनं ते स्वतःच्या हातानं उपटलं.

काही महिन्यांनी भाऊ तमालपत्राचं नवं रोप घेऊन आला. तिनं ते कुंडीसकट जिन्यावरून फेकलं. त्यानं खापऱ्या वेचल्या, रोप फडक्यात गुंडाळलं आणि ट्रकच्या केबिनमध्ये एका डब्यात लावलं. पुढे आईला भेटायला आला की तो दारातच बसे. बहीण ताट आदळून आत जाई, एक शब्द बोलत नसे.

असाच एकदा तो आईला विचारत होता, "रोज पाणी घालतोय, तरी पानं पिवळी का पडतात गं?"

आतून आवाज आला, "वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नकोस, गाढवा!"