घड्याळकाकांच्या ताटातला जिताडा

वृद्धाश्रमात तिला सगळे आहारताई म्हणत. चाळीस माणसांच्या पोटाची काळजी तिच्या गळ्यात होती आणि ती तिने आनंदाने घेतली होती. कोणाला मीठ कमी, कोणाला साखर बंद, कोणाचे दात जेवायच्या वेळीसुद्धा डबीतच, हे सगळं तिला तोंडपाठ. दुसऱ्या गावी शिकणाऱ्या स्वतःच्या मुलीला फोन लावला की पहिला प्रश्न "जेवलीस का?" आणि दुसरा "काय जेवलीस?" मुलगी वैतागून म्हणायची, "आई, किती ग्रॅम तेही सांगू?" त्यावर ही शांतपणे म्हणायची, "सांग."

तीन महिन्यांपूर्वी तिने आश्रमाच्या जेवणात एक बदल केला. दुपारी मिळणारं चिकन म्हाताऱ्यांना चाववत नव्हतं, म्हणून आठवड्यातले पाच दिवस जिताडा सुरू केला. मऊ मासा, जिभेनेही तुटेल असा. बैठकीत तिने तो असा काही मांडला, जणू स्वतःच्या भावासाठी स्थळ घेऊन आली होती. शंभर ग्रॅममध्ये जवळजवळ एकोणीस ग्रॅम प्रथिनं, चरबी थोडी आणि तीही हृदयाला चालणारी, वर ड जीवनसत्त्व, बी-बारा, सेलेनियम. माणशी दीडशे ग्रॅम, म्हणजे एका जेवणात अठ्ठावीस ग्रॅम प्रथिनं. जखम भरायला, स्नायू टिकायला याहून काय हवं? तक्ता तयार करून तिने तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला.

ही जखम घड्याळकाकांची होती. काकांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. आता साखरेच्या दुखण्यामुळे उजव्या टाचेवर रुपयाएवढी जखम झाली होती आणि ती भरायचं नाव घेत नव्हती. दर शुक्रवारी येणारे डॉक्टर म्हणाले, "साखर ताब्यात आहे, ड्रेसिंग नीट होतंय. मग अडतंय कुठे? महिनाभरात फरक दिसला नाही तर मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल, आणि तिथे ते पाऊल वाचवतीलच असं मी सांगत नाही. खाणं बघा."

तिने खाणं बघितलं. जेवणं झाली की भांडी घासणाऱ्या मावशी प्रत्येकाचं उष्टं एका डब्यात काढून वजनयंत्रावर ठेवत आणि मोरीतून आकडा ओरडून सांगत. ती बाहेरच्या टेबलावर बसून लिहून घेई. बाकीच्यांचं तीस-चाळीस ग्रॅम. घड्याळकाकांचं मात्र रोज नव्वद, पंचाण्णव. तिने लिहिलं, 'अर्ध्याहून जास्त टाकतात.'

"काका, तुम्ही जेवण टाकता," तिने त्यांना सांगितलं.

"नाही हो ताई. मी सगळं खातो."

"वजन खोटं बोलत नाही, काका."

"मग टाकत असेन. लक्षात राहत नसेल."

रविवारी त्यांची मुलगी भेटायला आली तेव्हा आहारताईने तिलाही सांगितलं. मुलीचं स्वतःचं घर, नोकरी, दोन पोरं. ती आधीच टेकीला आलेली. तिने बापाला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "बाबा, लहान मूल आहात का? इथे लोक तुमच्यासाठी एवढं करतात आणि तुम्ही ताटात ठेवून उठता. पाय गेला तर कोण उचलणार तुम्हाला? मी?" काका खाली मान घालून ऐकत राहिले. त्या आठवड्यापासून त्यांनी शेजाऱ्यांची घड्याळं दुरुस्त करणं बंद केलं. कोणी घेऊन आलं तर म्हणत, "नको. आता माझा भरवसा नाही. जेवलो की नाही ते कळत नाही, स्क्रू कुठे ठेवला ते काय कळणार."

आहारताईला वाईट वाटलं, पण आपण बरोबर केलं असंही वाटलं.

एका बुधवारी मावशी रजेवर होत्या, म्हणून ताटं गोळा करायला ती स्वतः गेली. घड्याळकाका अजून जेवत होते. त्यांच्या ताटात जिताड्याचं डोकं होतं. अख्खं डोकं. बोटांनी आणि चमच्याच्या टोकाने ते हाड न् हाड सुटं करत होते. गालाचा इवलासा मऊ तुकडा काढून खाल्ला, डोळ्यामागचा खाल्ला, आणि चोखून स्वच्छ केलेली हाडं लहान-मोठ्या क्रमाने ताटाच्या कडेला मांडली.

"तुम्हाला रोज डोकंच देतात?" तिने विचारलं.

"आचारीमामा मुद्दाम ठेवतात माझ्यासाठी. बाकी कोणाला सोलत बसायचा धीर नाही. मला काय, आयुष्य यातच गेलं." मग ते ओशाळून म्हणाले, "बघा, सगळं खाल्लंय की नाही? तुम्ही बघताय म्हणून विचारतो. मी एकटा असलो की माझं मलाच खरं वाटत नाही."

तिने ताट उचललं आणि मोरीत जाऊन ती हाडं वजनयंत्रावर ठेवली. त्र्याण्णव ग्रॅम.

ती तशीच चुलीपाशी गेली. आचारीमामांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही दीडशे ग्रॅम लिहिलंय ना? मी अख्खा मासा मोजतो माणशी दीडशेच्या हिशोबाने. डोकं, कल्ले, पोट, सगळं धरून. का, चुकलं काही?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. तक्त्यातले आकडे नुसत्या मांसाचे होते, आणि तिने ते तसं लिहिलंच नव्हतं. चिकन बिनहाडाचं यायचं, तेव्हा फरक पडत नव्हता. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात, कोणताही पदार्थ मोजताना आधी त्याचा खाण्याजोगा भाग किती ते बघायचं. या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी गुण पडले होते. इथे तिने हाडं जाताना अन्न म्हणून मोजली आणि परत येताना उष्टं म्हणून. सगळ्यांनाच कमी मिळत होतं. घड्याळकाकांना तर अठ्ठावीसच्या जागी दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं मिळत होती, तीन महिने, आणि त्याबद्दल बोलणीही त्यांनीच खाल्ली होती.

त्या दिवशी तिने कोणाला काही सांगितलं नाही. तक्ता मात्र बदलला. मासा साफ करून, काटे काढून मग मोजायचा, डोकी रश्शाच्या पाण्यात उकळून काढून टाकायची. जखम भरेल, पाऊल वाचेल, मग सांगून कोणाचं काय भलं होणार आहे, असं ती स्वतःला समजावत राहिली. घरून मुलीशी फोनवर बोलताना त्या दिवशी "जेवलीस का" हे तिच्या तोंडून निघालंच नाही.

गुरुवारी घड्याळकाकांच्या ताटात पांढरे जाड तुकडे आले. त्यांनी ते सगळे संपवले आणि ती आली तेव्हा रिकामं ताट तिच्यापुढे धरलं.

"ताई, आज तरी टाकलं नाही ना मी?"

"नाही, काका."

"एक करा. उद्यापासून मी जेवलो की तुम्ही कागदावर लिहून माझ्या खिशात ठेवा. मुलीने विचारलं तर दाखवता येईल. आणि मलाही."

ती त्यांच्या पलंगाच्या कडेवर बसली. अर्धवट सांगायला गेली, मग पहिल्यापासून सांगितलं. अख्ख्या माशाचं वजन, हाडांचं वजन, आपण लिहिलेलं वाक्य. "तुम्ही एकाही दिवशी काही टाकलं नाहीत. चूक माझी होती. तुमच्या जखमेला मी उपाशी ठेवलं."

काकांनी टाचेचं नावही काढलं नाही. "म्हणजे मी विसरत नव्हतो?"

"नाही."

"सगळं खात होतो."

"हाडसुद्धा सोडत नव्हता."

ते हसले नाहीत. मग म्हणाले, "हे तुम्ही रविवारी तिला सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल म्हातारा सारवासारव करतोय."

शुक्रवारी तिने डॉक्टरांच्या कागदावर सगळं लिहून खाली स्वतःचं नाव घातलं. त्यांनी ते वाचून मान हलवली आणि महिन्याऐवजी सहा आठवडे थांबू म्हणाले. भरेलच असं म्हणाले नाहीत.

रविवारी मुलीने उभ्या उभ्याच ऐकून घेतलं. "मॅडम, माझ्या बापाला मी सगळ्यांसमोर काय काय बोलले, आठवतंय तुम्हाला?"

"आठवतंय."

"त्याचं आता काय करायचं?"

मुलगी पिशवी खाली ठेवून बापाजवळ गेली. तिने त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, जे आधीच लागलेलं होतं, म्हणून काढून पुन्हा लावलं. काकांनी तिला लावू दिलं.

आहारताई दाराशीच थांबली होती. काकांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, बाकीच्यांनाही सांगितलंत का? त्यांनाही कमीच मिळालं ना?"

अजून नाही, ती म्हणाली, आणि पहिल्या खोलीकडे वळली.