पिंपाशेजारची पंगत

थीम पार्कच्या फाटकावर रखवालदाराने माझ्या बायकोच्या पिशवीतून डबा काढला. “बाहेरचं खाणं आत चालत नाही. त्या पिंपात टाका.”

पहाटे उठून केलेल्या दशम्या! “अन्न कचऱ्यात टाकू?” ही कडाडली आणि तिथेच उभी राहून मला भराभर घास भरवू लागली. रांग हसत होती. मी खेकसलो, “पुरे, लोक बघतायत.”

मग दिवसभर आम्ही मजेसाठी उन्हात ताटकळलो, पाळण्यांत किंचाळलो, प्लास्टिकच्या अस्वलाला मिठी मारून फोटो काढले. तिथल्या त्या विकतच्या आनंदाची मला शिसारी आली.

तीस वर्षांत हिने मला दोनदाच भरवलं. लग्नाच्या पंगतीत आणि त्या पिंपाशेजारी. दोन्ही वेळा मी लोकांकडेच बघत होतो.