मामाजींच्या मोटरीतले मीटर

मामाजी गेल्याचा निरोप आला तेव्हा भर दुपार होती. आम्ही तोवर बोरगाव मेघेला राहायला गेलो होतो, तिथं आमच्या शेजारणीकडे फोन आला. ती कुंपणापाशी येऊन म्हणाली, "वहिनी, नाचणगावहून फोन होता, तुमचे सासरे…" पुढचं इतकं हळू बोलली की मला तिचाच राग आला. हळू बोलणारी माणसं मला सोसत नाहीत. त्याला कारण मामाजीच.

लग्न होऊन मी नाचणगावला आले तेव्हा सुनेनं सासऱ्यासमोर पदर घ्यायचा, आवाज तर काढायचाच नाही, अशी रीत. मी चहा ठेवून "घ्या" असं पुटपुटायची. मामाजी हूं नाही की चूं नाही. आठ महिने! या माणसाला आपण आवडलोच नाही असं धरून मी स्वयंपाकघरात रडायचीसुद्धा. सासूबाई आधीच गेलेल्या. मामाजींना जीव लावायला उरली होती एक जुनी काळी मोटर. तिच्या समोरच्या फळीवर त्यांनी आपल्या हातानं तीन जादा मीटर बसवले होते, गरमीचा, ऑइलचा आणि बॅटरीचा. गाव म्हणे, म्हाताऱ्याचा शौक.

एकदा ते मला माहेरी, आंजीला सोडायला निघाले. मी मागच्या सीटवर. दोन्हीकडे फुटलेली कपाशी, ऊन असं पसरलेलं की रस्ता पाण्यात बुडाल्यासारखा दिसत होता… मला अर्धवट झोप लागली होती. वर्ध्यात शिरताना गाडी थांबली, तेव्हा डोळे उघडले. पोलिसाला काचेतून ते मीटर दिसले होते.

"खाजगी गाडीले मीटर काऊन लावले काका? सवाऱ्या नेता का?" त्यानं गरमीच्या काट्यावर बोट ठेवलं. "किती घेता एका सवारीचे?"

मामाजींनी बोटाकडे पाहिलं. "ऐंशी," अगदी कौतुकानं म्हणाले. "लय झालं तं नव्वद. त्याच्यावर गेलं का मी थांबतोच."

"ऐंशी? अन् वरून सांगून राह्यले! काढा लायसन."

मामाजी हसतच होते. अगं बाई… त्यांना ऐकूच येत नव्हतं! इंजिनाची घरघर कानाला कळेना, म्हणून ते काटे. आणि माझं "घ्या" त्यांच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. पण हे पोलिसाला कळलं असतं तर लायसन गेलं असतं, आणि मोटर चालवणं सुटल्यावर मामाजी खाटेला लागले असते. रीत गेली चुलीत.

"साहेब, मी सवारी नाई, यांची सून आहो! ते इंजिनाची गरमी सांगून राह्यले!"

पानठेल्यावरची माणसं वळली. मामाजीही वळले, थेट माझ्याकडे.

"मंग नीट काऊन नाई सांगत?" पोलिसानं विचारलं.

"स्वभावच तसा आहे," मी ठोकून दिलं.

आठ दिवसांत समोरचे मीटर काढून गाडी दाखवा, अशी नोटीस मात्र त्यानं दिलीच. पुढे गेल्यावर मामाजी म्हणाले, "एवढा आवाज होता बाई तुह्यापाशी, मंग आठ महिने लपवला काऊन?" मी हसले, आणि मला रडूही आलं.

मीटर त्यांनी काढले, पण टाकले नाहीत. खाली, डाव्या सीटच्या पायाशी बसवले. तिथून ते पोलिसाला दिसेनात आणि मामाजींनाही. मग मी पुढे बसू लागले. काटे वाचायचे आणि ओरडायचं. "सून सासऱ्यावर वरडते, पाह्य," असं नाचणगाव बोललं. बोलू दे. पुलगावचा बाजार, देवळी, आंजी… कितीतरी वर्षं आम्ही दोघं त्या उन्हातून तरंगत फिरलो. माझ्या वडिलांशीही मी इतकं बोलले नाही.

एका दुपारी देवळीच्या रस्त्यावर काटा चढला. मी ओरडले. पुन्हा ओरडले. मग त्यांच्या हातावर हात ठेवला. मामाजींनी गाडी कडेला घेतली, माझ्या ओठांकडे पाहत राहिले.

"बोलून राह्यली का तू, बाई?"

मी मान हलवली. त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढून माझ्या ओंजळीत ठेवली आणि स्वतःच उतरून मागच्या सीटवर जाऊन बसले.

नाचणगावच्या त्यांच्या खोलीत आता खाट उभी करून ठेवली आहे. तेराव्यानंतरही मी गेले की चहा घेऊन दाराशी उभी राहते. घरातले म्हणतात, हळू बोल, माणूस गेलंय. मी पदर सावरते आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणते, "मामाजी, घ्या."