खांबेटे एरर घालवतात

पुरुषोत्तम खांबेटे एरर घालवतात. दुरुस्त करतात असं मी म्हटलेलं नाही. महादेवपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात हा फरक बरीच वर्षं कोणाच्या लक्षात आला नाही. ज्यांच्या आला, ते नोकरी बदलून कोरमंगल्याला गेले.

खांबेटे मूळचे पुण्याचे. बंगळुरात अर्धं आयुष्य काढून त्यांनी कन्नडमधले ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे ठीक, एवढे दोन शब्द मिळवले, आणि तेही ते ऑटोवाल्याला बक्षिसी दिल्यासारखे देतात. अंग भरदार, आवाज त्याहून भरदार. कोणी अडचण सांगायला लागलं की ते डोळे मिटतात. नव्या मुलांना वाटतं, सर विचार करतायत. जुन्यांना माहीत आहे की ते समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघतायत.

आमची कंपनी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर बनवते. गल्लीतल्या कलेक्शन सेंटरवर क्लायंट प्रोग्रॅम असतो, मुख्य प्रयोगशाळेत सर्व्हर. पेशंटचं नाव, वय, कोणती तपासणी, हे सगळं क्लायंट एका ऑब्जेक्टमध्ये बांधतो आणि पाठवतो. सर्व्हर ते गाठोडं सोडतो. त्यासाठी गाठोड्यात काय काय आहे याचा आराखडा दोन्हीकडे एकसारखा लागतो. शहाणी माणसं तो एका जागी ठेवून दोघांनाही तिथूनच वापरायला लावतात. आमच्याकडे क्लायंटवाल्यांची कॉपी चौथ्या मजल्यावर आणि सर्व्हरवाल्यांची पाचव्या. मधे जिना आहे, पण त्याचा उपयोग फक्त सिगरेट ओढायला होतो.

साहजिकच एकाने आराखड्यात काही वाढवलं की दुसऱ्याला पत्ता नसतो. मग सर्व्हर गाठोडं परत करतो आणि सांगतो, तुमची आवृत्ती वेगळी, माझी वेगळी, हे मी घेणार नाही. एवढा स्पष्टवक्तेपणा आमच्या ऑफिसात दुसऱ्या कोणाकडे नाही. खांबेट्यांचा उपाय असा, की दोन्ही कॉप्यांवर आपल्या हाताने एकच आवृत्ती-क्रमांक लिहून टाकायचा. सर्व्हर क्रमांक बघतो, जुळला म्हणतो आणि गप्प बसतो. जे सामान ठेवायला त्याच्या कॉपीत जागाच नाही, ते तो मुकाट्याने फेकून देतो. या विद्येवर खांबेटे सीनियर झाले, मग लीड झाले, आणि यंदा त्यांना प्रिन्सिपल आर्किटेक्ट व्हायचं होतं.

यंदाच क्लायंटच्या आराखड्यात ‘उपाशी’ हा नवा रकाना आला. साखरेचा आकडा उपाशीपोटी घेतला की जेवून, यावर त्याचा अर्थ ठरतो. त्याआधी सर्व्हर सगळ्यांनाच जेवलेले धरायचा. रकाना आला आणि एररचा पाऊस सुरू झाला. आमचे मॅनेजर प्राणेश यांनी खांबेट्यांना बोलावलं. शुक्रवारच्या डेमोत एकही एरर दिसली नाही, तर सोमवारी सगळीकडे लागू करू आणि तुमचं नाव वर पाठवू. खांबेट्यांनी डोळे मिटले. दुपारच्या जेवणापर्यंत पाऊस थांबला.

शिवलीला आमची टेस्टर, निपाणीची. ती त्यांच्या टेबलाशी गेली.

“सर, सर्व्हरच्या कॉपीत उपाशीचा रकाना टाकला न्हवं?”

“एरर येतेय का?”

“नाही.”

“मग?”

“म्हणून तर विचारायला आले.”

“शिवलीला, तुमच्या निपाणीकडे असेल तसं. इथे एरर नसली की काम झालेलं असतं.”

आमच्याकडे एक रिवाज आहे. नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी पहिलं रक्त, ज्याने काम केलं त्याचं. मालक याला मूल्य समजतात, बाकीचे सुई. शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेतून रम्या सामान घेऊन आली. खांबेटे रात्रीपासून उपाशी होते. हे सगळ्या मजल्याला माहीत होतं, कारण त्यांनी ते मराठीत आणि हिंदीत आळीपाळीने सांगितलं होतं.

“उपाशी ना, सर?” रम्याने विचारलं.

“कडकडीत. पाणीसुद्धा नाही.”

तिने क्लायंटवर टिक केली, रक्त घेतलं, डेमोच्या खोलीतल्या मशीनमध्ये घातलं. थोड्या वेळाने सर्व्हरचा रिपोर्ट मोठ्या पडद्यावर आला. नाव बरोबर. वय बरोबर. साखर १३८, जेवणानंतर, नॉर्मल. एरर एकही नाही. टाळ्या पडल्या. खांबेट्यांनी त्या बसूनच स्वीकारल्या.

“सर,” शिवलीला म्हणाली, “जेवणानंतर?”

खोलीत मधुमेहाचं ज्ञान सगळ्यांनाच होतं, तेच आमचं पोट भरतं. जेवल्यावर १३८ म्हणजे काळजीचं कारण नाही. उपाशीपोटी १३८ म्हणजे डॉक्टर. आता रिपोर्ट चुकीचा मानला, तर खांबेट्यांचं काम चुकलं, पद गेलं आणि वर मधुमेह. रिपोर्ट बरोबर मानला, तर फक्त सकाळी काहीतरी खाल्लेलं असणं भाग होतं.

“मी खाल्लं होतं,” खांबेटे म्हणाले.

“काय खाल्लं?”

“बिस्किट.”

रम्या हातमोजे काढता काढता थांबली. “तुम्हीच म्हणाला सर, पाणीसुद्धा नाही.”

“पाणी नव्हतंच घेतलं. बिस्किट घेतलं.”

“मग क्लायंटवर उपाशी हो, आणि सर्व्हरवर जेवलेले,” शिवलीला म्हणाली. “एकाच माणसाचं.”

“क्लायंटवर टिक चुकून पडली. युजर एरर.”

रम्या त्यांच्याकडे बघत राहिली. एखाद्या माणसाने स्वतःच्या पोटाविरुद्ध साक्ष द्यावी, हे तिला नवीन असावं. आम्हाला नव्हतं.

“सरी,” प्राणेश म्हणाले. “खाल्लं असेल तर रिपोर्ट बरोबर आहे. शिवलीला, साइन ऑफ?”

“माझं नाव नको सर.”

तिच्याऐवजी प्राणेशनी स्वतःचं नाव घातलं. संध्याकाळी म्हैसूरपाक आला. नव्या प्रिन्सिपल आर्किटेक्टनी दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा, कोणी खात नाहीये म्हणून.

सोमवारी आवृत्ती सगळीकडे गेली. बुधवारी चामराजपेटच्या सेंटरवरून फोन आला. आमच्याकडून उपाशी निघालेले पेशंट तुमच्याकडे पोचेपर्यंत जेवतात कुठे, असं तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं. मग सर्व्हरच्या कॉपीत तो रकाना टाकण्यात आला. कामाला चहा निवण्याइतका वेळ लागला. सगळ्या क्लायंटांनी आपापली गाठोडी पुन्हा पाठवली आणि दुरुस्त रिपोर्ट आपोआप लोकांच्या मोबाइलवर गेले. खांबेट्यांनी याबद्दल मेल लिहिली. तिच्यात ‘दूरदृष्टी’ हा शब्द होता.

त्यांचंही गाठोडं त्यात होतंच. त्यांच्या मोबाइलवर आलं: उपाशी, साखर १३८, कृपया डॉक्टरांना भेटा.

खांबेटे डॉक्टरांकडे गेले नाहीत. त्यांनी आमच्याच टीमकडे तक्रार नोंदवली, की दुरुस्तीनंतर सर्व्हर चुकीचा रिपोर्ट देतो आहे. प्रिन्सिपल आर्किटेक्ट या नात्याने ती स्वतःकडेच घेतली. आठवडाभराने बंद केली आणि कारण लिहिलं: पुन्हा तपासणी झालेली नाही, एरर पुन्हा आढळली नाही.