न पाळलेले चार दिवस

लग्नानंतर तिसऱ्याच आठवड्यात मी एक मोठी चूक केली आणि त्या वेळी मला तिचा फार अभिमान वाटला होता.

परभणीत भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको दोघंच राहत होतो. मला पाळी आली. सकाळी नवरा म्हणाला, "तू बाजूला बस, चार दिवस सैपाकाचं मी बगतो." आणि खरंच परात ओढून बसला. ज्वारीच्या पिठात गरम पाणी घातलं, मळलं आणि भाकरी थापली. गोल, काठाला एक चीर नाही. तव्यावर टम्म फुगली. माझी भाकरी तेव्हाही चिरायची, आजही चिरते.

ही विद्या त्यांच्याकडे आली ती सासूबाईंच्या अडचणीमुळे. झरीजवळच्या त्यांच्या गावी घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, तिन्ही मुलगेच. सासूबाई महिन्यातले चार दिवस कडेच्या खोलीत बसायच्या, चुलीला शिवायच्या नाहीत. मग सासरे भाकरी करायचे आणि थोरला, म्हणजे माझा नवरा, बारा वर्षांचा झाल्यावर तो. त्याला गावात कुणी हसत नसे. बाई बाहेर बसली की गड्याने चूल पेटवायची, हे सगळ्यांना मान्य होतं. एरवी मात्र त्याच गड्याने स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या भरून घेतला तरी गाव बायकोला नावं ठेवायचं.

मी डी.एड. झालेली, नोकरी लागलेली, विटाळ हा शब्द ऐकला तरी डोकं फिरणारी. मी परात हिसकून घेतली आणि म्हणाले, "मी हे पाळत नाही. मी कुठंही बसणार नाही." त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. पण माणूस पडला समंजस. म्हणाले, "बरोबर हाय तुझं. मला बी पटत न्हाई हे." हात धुतले आणि पेपर वाचायला बसले. ते बसले ते एकोणीस वर्षं.

त्यांच्यावर अन्याय नको. भाजी आणणं, गॅसचा नंबर लावणं, मला सकाळी स्टेशनवर सोडणं ही कामं त्यांनी कधी चुकवली नाहीत. मित्र जेवायला आले की मोठ्या कौतुकाने सांगायचे, "आमच्या घरी असलं काही पाळत नाहीत." मी आत भाकरी थापत ते ऐकायचे. पहिली काही वर्षं ऐकून बरंही वाटायचं.

चाळिशी उलटली आणि पाळी अंगावर जायला लागली. रक्त कमी झालं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि विश्रांती घ्या म्हणाल्या. माझी शाळा चुडाव्याला. सकाळची गाडी धरायची म्हणजे त्याआधी भाजी, भाकरी, डबे, सगळं उरकायचं. गेल्या वर्षी सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आल्या होत्या. एका सकाळी मला ओट्याला धरून उभं असलेलं त्यांनी पाहिलं.

"बस की बाई चार दिवस बाजूला," त्या म्हणाल्या.

मी उसळले. "आत्याबाई, मी विटाळ पाळणारी वाटले का तुम्हाला?"

"इटाळाचं कोण म्हणायलंय? मला तरी कुठं पटत होतं? पर चार दिवस कुणी हाक मारीत न्हवतं. बसल्या जागी गरम भाकर यायची." मग दाराकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "खळ्याच्या दिवसात लय जीव जायचा. तवा मी महिन्यात दोन-दोनदा बसलेली हाय. गडीमाणसं कुठं मोजत बसतात?"

मी इतकी हसले की कंबर दुखायला लागली. मग न्हाणीघरात जाऊन रडले. वाईट चाल मोडली याचं मला दुःख नव्हतं. तिच्यात बाईच्या वाट्याला आलेली एकुलती एक चांगली गोष्ट मी स्वतःच्या हाताने फेकून दिली होती, आणि तिच्या जागी काही मागितलंही नव्हतं.

मी बाजूला बसले असते तर नवरा उठला असता. मला खात्री होती. कोपऱ्यात एक सतरंजी टाकायची, एवढंच काम. दोन दिवस मी त्याचा खरोखर विचार केला. पण शाळेत सातवीच्या मुलींना मीच सांगते की यात अपवित्र काही नसतं, कुठं बसू नका. त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने उभी राहणार होते?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी परात नवऱ्यासमोर ठेवली. "आजपासून भाकरी तुम्ही करायच्या."

"का? अडचण हाय का?"

"आहे. पण म्हणून नाही. मी दमलेय."

ते परातीकडे बघत राहिले. "मग बस ना बाजूला. मी करतोच की. नुसतंच केलं तर आईला काय सांगू?"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "मला काय सांगायलास? भूक लागलीय. थाप."

पहिली भाकरी मोडली. दुसरी जाड झाली. तिसरी फुगली. मी स्वयंपाकघरातच खुर्ची टाकून बसले होते आणि मुद्दाम सगळ्या भांड्यांना हात लावत होते. त्यांनी मला तव्यावरची भाकरी वाढली. स्वतःच्या घरात गरम भाकरी बसून खाल्ल्याचं मला त्याआधीचं आठवेना.

चार दिवस त्यांनी न कुरकुरता भाकरी केल्या. पाचव्या सकाळी मी आवरून आले, तर परात ओट्यावर पालथी आणि हे पेपर घेऊन बसलेले.

"झाले ना चार दिवस?" त्यांनी विचारलं. आवाजात काळजीच होती.

"मी बसलेच नव्हते," मी म्हणाले. "मग संपतील कसे?"

मी रिकामा डबा त्यांच्यासमोर उघडून ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. गाडीला अर्धा तास होता. ती चुकली तर चुकू द्यायची, असं मी ठरवलं होतं.