घरी म्हणजे कामावर

माझ्या वहिनीच्या तोंडून एकच शब्द चुकीचा निघाला आणि तिचा उजवा हात गेला. गेला म्हणजे हात जागच्या जागी आहे, पण बोटं आकसून बसलीत. साधी वाटी धरता येत नाही तिला.

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीत ती इस्त्रीच्या मशीनवर होती. दोन तापलेल्या रुळांमध्ये ओली चादर सरकवायची, पलीकडून टकळीनं ती ओढून घडी घालायची. टकळी म्हणजे तिची जोडीदारीण. तोंडाला कुलूप नाही म्हणून हे नाव. मालकाला सगळ्या बायकांनी 'काका' म्हणायचं आणि लाँड्रीला 'घर', असा तिथला शिरस्ता. "आपल्या घरात कुणी नोकर नाही," असं तो सांगायचा. मग रजा मागितली की, "घरच्या कामाला कसली गं रजा?" रुळापुढची जाळी तुटली, ती बसवून मागितली तर, "घरात जरा सांभाळून घ्यायचं असतं."

मी चिडून म्हणायचे, "वहिनी, हा काका तुम्हा सगळ्यांना मामा बनवतोय."

"जाऊ द्या हो वन्सं, गोड बोलतो तेवढंच."

बोलून बोलून जीभ तशीच वळली. सकाळी निघताना "घरी जाते", संध्याकाळी "घरून आले". आमचे बंधुराज चेष्टेनं विचारायचे, "मग ही काय धर्मशाळा?" आम्ही हसायचो. मेलं, हसायचो!

एक दिवस चादरीचा कोपरा रुळात गुंडाळला. सोडवायला वहिनीनं हात घातला, आणि अडवायला जाळी नव्हतीच. टकळीनं मशीन बंद करून तिचा हात ओढून काढला. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "कुठे भाजलं?" कळवळत वहिनी म्हणाली, "घरी." त्यांनी तसंच लिहून घेतलं. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी पढवलं नव्हतं. आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेतला, तोही नकळत.

पुढे मलमपट्टी करणाऱ्या नर्सनं मला बाजूला घेतलं. "कामावर भाजलं असेल तर उपचार मालकानं करायचे असतात. पेशंटचा हक्क आहे तो. बोटांचं ऑपरेशन लवकर झालं तर हात उघडेल, नाहीतर कातडी आवळत जाईल."

मी तडक काकाकडे गेले. तो शांतपणे म्हणाला, "ती स्वतःच सांगते, घरी भाजलं. माझ्या हातात काय आहे?"

"तुमच्या हातात बोटं तरी आहेत!" मी म्हटलं आणि बाहेर पडले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

बंधुराजांचं आपलं एकच, "पाण्यात राहून माशाशी वैर नको." त्यावर वहिनी हळूच म्हणाली, "असल्या हातानं मला त्या पाण्यात आता कोण घेणार आहे?" आणि तिनं कामगार कार्यालयात तक्रार केली.

सुनावणीला टकळी साक्ष द्यायला आली. काकानं डोळे वटारले तरी नोकरीवर पाणी सोडायच्या तयारीनं आली. मला भरून आलं.

साहेबांनी विचारलं, "अपघात झाला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"मी? घरीच होते की, साहेब."

काकाचा वकील हसला. "ऐकलंत? साक्षीदारच घरी होती."

टकळीनं जीभ चावली. "अहो, तसं नव्हे! घरी म्हणजे कामावर..."

"बाई, आधी काय ते एक ठरवा."

झालं. जिची टकळी दिवसभर थांबत नाही ती बाई पुढे एक शब्द बोलू शकली नाही.

वहिनी उठून उभी राहिली. "साहेब, आम्हाला कामाला घर म्हणायला लावलंय."

"लावलं कुठे? प्रेमानं म्हणतात," काका म्हणाला. "घरचीच आहे ती."

"मग घरच्या बाईला बघायला एकदा तरी आलात का?"

काका खाली बघू लागला. पण खाली बघितलेलं कुणी लिहून घेत नाही. तक्रार फेटाळली गेली आणि टकळीला घरातून, म्हणजे लाँड्रीतून, काढून टाकलं.

आम्हाला ऑपरेशनचा खर्च झेपला नाही. वेळ निघून गेली, आता हात उघडायचा नाही, असं डॉक्टरनं सांगून टाकलं. त्या दिवशी वहिनी जेवली नाही. मीही खूप रडले.

तरी ती वरच्या कार्यालयात दाद मागायला निघाली. बंधुराज म्हणाले, "आता कशाला?" ती म्हणाली, "माझा गेला तो गेला. जाळी अजून तुटकीच आहे."

तिथल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "कुठे भाजलं?"

"कामावर!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "घर माझं वेगळं आहे."

"बरं बरं. सही करा इथे."

वहिनीनं सवयीनं उजवा हात पुढे केला. मग तो मागे घेतला आणि पेन डाव्या हातात धरलं.